आत्याला कोपर सापडतं

माणसाच्या अंगावर लाज वाटण्याजोग्या जागा किती, हे भिंगरीच्या आत्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं एखाद्या डॉक्टरालाही नसेल. डॉक्टर बिचारा आजार झाल्यावर येतो. आत्या आधीच यायची, आणि ती येऊन गेली की आजार व्हायचा.

आत्याची जाहिरात कंपनी होती. स्वतःची, स्वतः काढलेली, पाच मजली, काचेची. पण सुरुवात झाली होती ती एका दंतमंजनाच्या कारखान्यात, टायपिस्ट म्हणून. त्या काळी मंजनाच्या जाहिरातीत एक बाई हसायची आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘मोत्यांसारखे दात’. मंजन काही खपत नव्हतं. कारखान्याचे साहेब पत्र सांगायला आत्याच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि त्यांच्या तोंडाचा असा भपकारा यायचा की आत्या श्वास कोंडून टाईप करायची. एक दिवस तिने त्यांच्याच पत्राच्या पाठीमागे दोन वाक्यं टाईप केली: ‘कुणी सांगत नाही. पण सगळे मागे सरकतात.’

बस्स. हसणारी बाई गेली, ही दोन वाक्यं आली, आणि दुकानांतून मंजन गायब झालं. गावातला माणूस न् माणूस तळहातावर फुंकर मारून वास घेत हिंडू लागला. श्रेय साहेबांनी घेतलं. आत्याने राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली आणि दारावर पाटी लावली. एक टेबल, एक उसना पंखा आणि चित्रं काढणारा एक माणूस, जो पंखा बंद पडला की घरी जायचा.

मग आत्या तोंडातून काखेत गेली. काखेतून पायांत. पायांतून टाचांच्या भेगांत, तिथून डोक्यातल्या कोंड्यात, तिथून मानेवरच्या काळ्या रेषेत. माणूस संपला तेव्हा ती त्याच्या घरात शिरली. संडास, मोरी, पायपुसणं, उशीचा अभ्रा. ‘पाहुणे तोंडावर हसतात. घरी जाऊन काय बोलतात?’ हे तिचंच.

“आमच्या ताईने माणूस नखशिखान्त विकून खाल्ला,” भिंगरीचे बाबा म्हणायचे. “आता फक्त आतडी उरलीत. तीही काढेल बाहेर.” बाबांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं. खिळ्याची लाज कुणाला वाटत नाही, म्हणून ते कधी श्रीमंत झाले नाहीत, असं त्यांचंच मत.

आत्या जेवायला येणार म्हटलं की आई आधी टाचा घासायची, मग भांडी. बाबा शर्ट बदलायचे. काका तर सरळ आजारी पडायचे. आणि भिंगरी? भिंगरी दारात नाचायची. तिला आत्या म्हणजे जगातली सर्वांत मोठी गोष्ट वाटायची. आत्या लिफ्टमधून बाहेर पडली की सगळा मजला उभा राहायचा! आत्या कुणाला घाबरायची नाही! आत्याने लग्न केलं नाही, कारण तिला वेळ नव्हता! “ही माझी गादी चालवणार,” आत्या भिंगरीच्या केसांतून हात फिरवत म्हणायची, आणि भिंगरी आठवडाभर जमिनीवर पाय ठेवायची नाही. ती नववीत होती, तोंड चुरुचुरु चालायचं, आणि आयुष्यात काय व्हायचं हा प्रश्न तिच्यापुरता कधीच सुटलेला होता. आत्या व्हायचं.

तर त्या वर्षी आत्याकडे एक क्रीम आलं. कोपरांना लावायचं.

“कोपरांना?” भिंगरी हसत सुटली. “कोपरांकडे कोण बघतं, आत्या?”

“कुणीच नाही,” आत्या म्हणाली. “म्हणून तर. अख्खं रिकामं मैदान आहे. तू एक काम कर. तुझ्या वर्गातल्या सहा-सात मुली घेऊन ये शनिवारी. गप्पा मारायच्या, आइस्क्रीम खायचं, एवढंच.”

कंपनीत गप्पांसाठी एक वेगळी खोली होती. मऊ खुर्च्या, गोल टेबल, आणि एका बाजूला भिंतभर आरसा. आरशाच्या पलीकडे दुसरी खोली होती, अंधारी. तिकडून इकडचं सगळं दिसायचं. इकडून मात्र फक्त आपलंच थोबाड. गिऱ्हाईक कंपनीचे लोक त्या अंधारात बसून, बिस्किटं खात, लोकांना बोलताना बघायचे.

“तू माझ्याबरोबर आत बसशील,” आत्या म्हणाली. “पण मुलींना सांगायचं नाही हं. सांगितलं की माणसं नीट वागायला लागतात, आणि नीट वागणाऱ्या माणसाला काही विकता येत नाही.”

आरशामागे! आत्याशेजारी! भिंगरीने मैत्रिणींना थाप मारली की आत्याने तिला केबिनमध्ये दुसरं काम दिलंय.

त्या मैत्रिणींत भिंत होती. भिंत म्हणजे शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. तिच्या अंगावरून चेंडू पुढे जात नाही म्हणून भिंत. तिचे वडील बस चालवायचे आणि ती स्वतः घरातल्या घरातही उडी मारूनच दिवा बंद करायची. पहिलीपासून भिंगरी आणि ती एका बाकावर. भिंगरी बोलायची, भिंत ऐकायची, आणि भिंगरीला कुणी उलट बोललं की भिंत नुसती उभी राहायची. तेवढं पुरायचं.

शनिवारी मुली आल्या. दारातच एका माणसाने ‘गंमत आहे’ म्हणत प्रत्येकीच्या कोपराचा फोटो काढला. मग गप्पा मारायचा पगार घेणारी एक ताई त्यांच्यात येऊन बसली, पाय वर घेऊन, जशी काही यांचीच थोरली बहीण.

“मग, कोपरांबद्दल काय वाटतं तुम्हाला?”

मुली एकमेकींकडे बघू लागल्या आणि खो-खो हसल्या.

“कोपर म्हणजे ढोसायला!”

“माझी बहीण झोपेत मारते कोपर. बरगडी मोडेल एक दिवस.”

“ताई, खरं सांगा, तुम्हाला दुसरा विषय मिळाला नाही का?”

आरशामागे क्रीमवाले साहेब कंटाळले होते. पेनच्या टोपणाने ते कान कोरत होते, मग टोपण निरखून बघत होते, मग त्याच हाताने बिस्किट उचलत होते. भिंगरीने आपली खुर्ची जराशी मागे सरकवली. आत्या तिकडे बघतही नव्हती. ती मांजरासारखी पुढे झुकून बसली होती.

“फोटो लाव,” ती माईकमध्ये म्हणाली. ताईच्या कानात बारीकसं यंत्र होतं.

समोरच्या पडद्यावर कोपरांचे फोटो आले, एकेक, परातीएवढे मोठे. कोण कुणाचं ते ओळखायचं. मुलींचा नुसता कल्ला. तिसऱ्या फोटोवर भिंगरी अंधारात टुणकन उडाली.

“आत्या, हे भिंतीचं! माझ्या मैत्रिणीचं! बघ ना कसं आहे, दगडासारखं! सारखी मैदानावर आडवी पडते ना ती. काळंकुट्ट आणि टणक झालंय. एकदा लागलं तर समोरची पोरगी रडत घरी जाते!” अभिमानाने ती स्वतःचं कोपर उगारून दाखवत होती.

“कुठली ती? निळ्या शर्टातली?” आत्याने माईक जवळ ओढला. “तिसरा फोटो तसाच ठेव. मोठा कर अजून. आणि आता काही बोलू नकोस.”

ताई बोलायची थांबली. मान जराशी कलती करून तिने पडद्याकडे पाहिलं. “हं…” एवढंच म्हणाली, आणि गप्प.

ती शांतता! कुणीतरी खोलीतली हवा काढून घ्यावी तशी. हसू एकेक करून विझलं. मुलींनी पडद्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, परत पडद्याकडे. मग कुणीतरी, अगदी हळू, म्हणालं, “ई…”

आणि भिंतीने शर्टाची बाही खाली ओढली.

आत्याची बोटं भिंगरीच्या मनगटावर आवळली. “बघितलंस? बघितलंस? जन्मली!”

“काय जन्मली?”

“लाज. पाच मिनिटांपूर्वी या खोलीत नव्हती. त्या पोरीला ठाऊकही नव्हतं की आपल्याला कोपर आहे.” आत्याचे डोळे लकाकत होते. “ते बाही ओढणं, हीच आपली फिल्म. एक शब्द लिहायची गरज नाही!”

क्रीमवाले साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मांडीवरून बिस्किटाचा चुरा उडाला आणि त्यातला एक ओला कण भिंगरीच्या हातावर बसला. तिने तो झटकला. पुन्हा झटकला. नसलेला कणही ती झटकत राहिली.

पुढच्या आठवड्यात भिंत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून शाळेत आली. त्या उकाड्यात. मैदानावरही तोच. पहिला चेंडू आला, उजव्या कोपऱ्यात, एरवी ती झोपेतही अडवेल असा. भिंतीने नुसते हात पुढे केले. आडवी पडली नाही. चेंडू जाळ्यात. दुसरा, तिसरा, तसेच. क्रीडाशिक्षक ओरडले, “अगं, भिंत आहेस की फाटक?” सगळा संघ हसला. भिंगरी हसली नाही.

“तू कुठे होतीस गं त्या शनिवारी?” घरी जाताना भिंतीने विचारलं.

“सांगितलं ना, आत्याच्या केबिनमध्ये.”

“बरं झालं,” भिंत म्हणाली. “तुझ्यासमोर झालं असतं तर मला जास्त वाईट वाटलं असतं.”

भिंगरी घरी गेली, आणि ताटातल्या वरणाकडे बघून तिला साहेबांचं कान कोरलेलं टोपण आठवलं.

वर आणखी कडी म्हणजे आत्याने फिल्मसाठी भिंतीलाच बोलावलं. “खऱ्याला तोड नाही,” ती फोनवर म्हणाली. भिंगरीला वाटलं, भिंत आता आत्याला धुडकावून लावेल. भिंत तयार झाली. “वर्षभर क्रीम फुकट देणार आहेत,” ती बाहीचं बटण लावत म्हणाली. “निदान जाईल तरी हे घाणेरडं.” घाणेरडं! ज्या कोपरांवर तिने शाळेची अब्रू झेलली होती, त्यांना!

चित्रीकरणाला भिंगरी गेली. न जाऊन करते काय! मोठी शेड, दिव्यांची धग, जमिनीवर सापांसारख्या वायरी. भिंतीचे वडील एका बाजूला खुर्चीच्या कडेवर बसले होते, हातात सँडविच, बसमधल्या अनोळखी प्रवाशासारखे अवघडून. फिल्म झाल्यावर त्यांनी संमतीच्या कागदावर सही करायची होती.

मेकअपवाल्या बाईने भिंतीचं कोपर हातात घेतलं, दिव्याकडे वळवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हे? हे काय काळं आहे? हे तर साधं कोपर आहे. कॅमेऱ्यात दिसणारसुद्धा नाही.” मग तिने वाटीत कोळशाची पूड घेतली, त्यात कॉफी, त्यावर कसलंसं चिकट तेल, आणि तो चिखल बोटाने भिंतीच्या कोपरावर थापला. वरून कापसाचे दोन तंतू चिकटवले, कातडी सोलल्यासारखी वाटावी म्हणून. बघवत नव्हतं.

“आणि क्रीम लावल्यानंतरचं कोपर?” भिंतीने विचारलं.

“ते काय तिथे झोपलंय,” बाई म्हणाली.

कोपऱ्यात एका आईच्या मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी झोपली होती. गुबगुबीत. तिच्या कोपराला खळी पडली होती. क्रीम लावल्यावर भिंतीला हे कोपर फुटणार होतं.

भिंतीने त्या बाळाकडे पाहिलं, आपल्या कोपरावरच्या कॉफीचा वास घेतला, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा फिसकन हसली. “भिंगरे, ऐकलंस? माझं कोपर म्हणे पुरेसं वाईटच नाही!” भिंगरीला तिला मिठीच मारावीशी वाटली.

मग कॅमेरा सुरू झाला. भिंतीने बाही ओढायची होती, लाजून. पण तिला हसूच आवरेना. ओठ आवळायची, बाहीला हात लावायची, आणि फुस्स. दिग्दर्शक घामाघूम झाला. क्रीमवाले साहेब घड्याळ बघू लागले. पुन्हा. परत पुन्हा. शेवटी आत्या उठली. शांतपणे चालत भिंतीपाशी गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. एखादं वाक्य असेल.

भिंतीचं हसू गेलं. पुसल्यासारखं. कॅमेरा सुरू झाला, आणि तिने बाही ओढली. डोळे भरले होते, आणि बोटं बाहीच्या टोकाला अशी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली.

“कट! कमाल! कमाल!” सगळी शेड टाळ्या वाजवू लागली.

भिंत थेट बेसिनकडे गेली. भिंगरी मागोमाग. भिंत कोपर घासत होती, काळं पाणी वाहत होतं, आणि ती मान वर करत नव्हती.

“काय म्हणाली आत्या?”

“तुला माहीत नाही?”

“नाही गं!”

“म्हणाल्या,” भिंत नळाशी बोलावं तसं बोलली, “‘माझी भाची तुझ्या शेजारी बसते ना, ती मला म्हणाली, त्या कोपरांकडे बघून मला किळस येते. तोंडावर कसं सांगणार, म्हणून गप्प बसते.’”

भिंगरी मागे वळली आणि वायरींवरून अडखळत आत्यापुढे जाऊन उभी राहिली.

“मी असं कधी म्हटलं?”

“म्हणाली होतीस. दगडासारखं, काळंकुट्ट.” आत्या गॉगल पुसत होती.

“ते मी कौतुकाने म्हटलं होतं!”

“शब्द तुझेच. सूर फक्त मी लावला.” आत्याने गॉगल उजेडात धरून पाहिला. “काम झालं ना? मग.”

“आत्या, तुला स्वतःची किळस येत नाही?”

आत्याने खरंच विचार केला. हेच सगळ्यांत भयंकर होतं. ती रागावली नाही, लाजली नाही, भाजी निवडताना करावा तेवढा विचार तिने केला.

“मला कशाचीच किळस येत नाही, बाळा. कधीच आली नाही. त्या मंजनवाल्या साहेबाच्या तोंडाचा वास यायचा, तेव्हाही मी मोजत होते, किती लोक मागे सरकतात. मला किळस येत असती तर हा धंदा जमला असता का?” मग आवाज मऊ करून म्हणाली, “आता तू जाऊन तिला खरं सांगशील. जरूर सांग. पण मग हेही सांगावं लागेल, की आरशामागे कोण बसलं होतं. नाहीतर ‘दगड’ तू कुठे बसून म्हणालीस, ते कसं सांगणार? त्यापेक्षा दोन दिवस जाऊ दे. पोरी विसरतात.”

आणि तिने भिंगरीच्या केसांतून हात फिरवला. त्याच पाच बोटांनी, सवयीने. गोगलगाय केसांतून गेल्यासारखं भिंगरीला वाटलं, ओलं, सावकाश, मागे चिकट रेघ ठेवून.

खोटं बोलणाऱ्या बाईने शेवटी एवढं एकच खरं सांगितलं होतं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. भिंगरी वळली. भिंत वडिलांपाशी उभी होती, आत्याचा माणूस त्यांच्यापुढे कागद धरत होता. आणि भिंगरीने सांगून टाकलं, सगळ्यांसमोर, एका दमात. केबिन खोटी, आरसा खरा. मी आत होते. तुझा फोटो मीच ओळखला, उड्या मारत ओळखला. दगडासारखं म्हटलं, आणि मला वाटलं सगळ्या जगाला हेवा वाटेल. किळस शब्द माझा नाही. पण तुला पहिल्याच दिवशी सांगितलं नाही, ते मात्र माझं.

भिंत ऐकत होती. कोपरावरून अजून कॉफीचं पाणी ठिबकत होतं.

“सही करायची ना गं?” वडिलांनी विचारलं. त्यांना धड काही समजलं नव्हतं, पण सँडविच त्यांनी खाली ठेवलं होतं.

“नाही,” भिंत म्हणाली.

आत्या आली. मग जो साखरेचा पाक सुरू झाला! मुलीचं नाव होईल, गावभर चेहरा दिसेल, शाळेला फुटबॉलचे नवे बूट देऊ, सगळ्या संघाला. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पोरगी नको म्हणते,” आणि पेन परत केलं.

“फुकट गेला दिवस!” क्रीमवाले साहेब तडकले.

“काही फुकट जात नाही,” आत्या म्हणाली. तिची नजर शेडभर फिरली. मेकअपवाली, झोपलेलं बाळ, वायरी, आणि मग भिंगरीच्या अर्ध्या बाहीखाली येऊन थांबली. थांबली ती हललीच नाही. “इकडे ये गं. हात वळव. हं… चालेल हेही. खडबडीत आहेच. तुझ्या बाबाला मी फोन करते.”

भिंगरीने हात मागे घेतला. आत्या आपल्याकडे प्रेमाने बघते, असं तिला एवढी वर्षं वाटत आलं होतं. ही नजर काही नवी नव्हती. फक्त आज ती कुठे थांबते, ते भिंगरीला दिसलं.

“आत्या,” ती दोन्ही हात चांगले वर करून म्हणाली, “तुला कोपरापासून नमस्कार!”

दिग्दर्शक खुदकन हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. भिंगरी निघाली.

आत्याचं अर्थातच काही अडलं नाही. दोन-चार दिवसांत तिला दुसरी मुलगी मिळाली, फिल्म झाली, क्रीम दुकानांत आलं आणि खपलंही, आणि रस्त्यावरच्या पोरी हात वाकडे करकरून आरशात मागून बघू लागल्या. आत्या आता कानांच्या पाळ्यांवर काम करते असं ऐकतो. बाबांना विचारलं तर म्हणतात, “घाबरू नकोस, अजून आतडी सुखरूप आहेत.”

पण त्या दुपारी भिंगरी शेडबाहेर पळत आली तेव्हा तिला यातलं काही दिसत नव्हतं. फाटकाशी भिंत वडिलांबरोबर बसची वाट बघत होती.

“भिंत, थांब ना!”

भिंत वळली. “एक सांग. मी बाही ओढली, त्या पहिल्या दिवशी. तू आरशामागून बघत होतीस ना?”

“हो.”

“तेव्हा काय केलंस?”

भिंगरीने तोंड उघडलं. हजार गोष्टी सांगता आल्या असत्या. “काहीच नाही,” ती म्हणाली. “बसून राहिले.”

“शी,” भिंत म्हणाली. मोठ्याने नाही, रागानेही नाही. जे होतं त्याचं नाव घ्यावं तसं.

बस आली. वडील आधी चढले. भिंत पायरीवर थांबली, दांडा धरून. ओल्या कोपरापर्यंत बाही दुमडलेली होती, आणि ती खाली घ्यायचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

“सोमवारपर्यंत माझ्याशी बोलू नकोस,” ती म्हणाली. “एक अक्षर नाही.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी मी आधी बोलणार. तू ऐकायचं. मधे तोंड घालायचं नाही.”

भिंगरीने जोरजोरात मान हलवली. ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.